तळ्यातले प्रकाशसंश्लेषी जीवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्याच्या तळ्यात सूर्यप्रकाशावर जगणारे जीवाणू म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिरवा तवंग येतो. तवंग ही फक्त सगळ्यात वरची पातळी. त्याखाली, जिथं पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागतो तिथपासून गाळाच्या काळ्या थरापर्यंत, गुलाबी, जांभळे, चॉकलेटी, गवती हिरवे असे कितीतरी जीवाणू उरलासुरला प्रकाश वाटून घेत असतात. या जीवाणूंबद्दल शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरं इथं लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखंच खूप आहे.

हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. त्यात जीवाणूंचा काय संबंध?

‘नील-हरित शेवाळ’ हे नाव पाठ्यपुस्तकांतून आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे, पण हे शेवाळ नव्हे. शेवाळाच्या पेशीत केंद्रक असतं आणि हरितद्रव्य हरितलवकात असतं. नील-हरित म्हणवणाऱ्या या पेशींत दोन्ही नाही. ते जीवाणूच आहेत, म्हणून त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणायचं. नातं आहे ते उलट्या बाजूनं: शेवाळातलं आणि झाडाच्या पानातलं हरितलवक हे फार पूर्वी दुसऱ्या पेशीनं पोटात घेतलेल्या एका सायनोबॅक्टेरियाचंच रूप आहे.

काठावरून फरक ओळखायची एक ढोबळ रीत आहे. काडी बुडवून वर काढली आणि तिच्यावर केसांसारखे लांब हिरवे धागे लोंबले, तर ते बहुधा शेवाळ. काडीला हिरव्या रंगाचा हात दिल्यासारखं झालं, तर संशय सायनोबॅक्टेरियावर घ्यावा. मात्र उघड्या हातानं हा प्रयोग करू नये. कारण पुढं येईलच.

प्रकाशसंश्लेषण म्हणजे ऑक्सिजन बाहेर पडणारच ना?

नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

झाडं आणि सायनोबॅक्टेरिया पाण्याचा रेणू फोडतात. त्यातले इलेक्ट्रॉन वापरून कार्बन डायऑक्साइडची साखर करतात आणि मागं उरलेला ऑक्सिजन सोडून देतात. पण इलेक्ट्रॉन पाण्यातूनच घ्यायला हवेत असा काही नियम नाही. जांभळे आणि हिरवे गंधक जीवाणू ते हायड्रोजन सल्फाइडमधून, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाच्या त्या वायूतून, घेतात. तिथं मागं उरतो तो गंधक. जांभळ्या गंधक जीवाणूची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिच्या पोटात हे गंधकाचे कण मोत्यांसारखे चमकताना दिसतात. एकदा पाहिलं की विसरत नाही.

या जीवाणूंचा अभ्यास करताना सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हॅन नील यांना दोन्ही प्रक्रियांचा साचा एकच असल्याचं दिसलं. १९३१ मध्ये त्यांनी तो सविस्तर मांडला. सल्फाइडमधून गंधक सुटतो, तसा झाडांत पाण्यातून ऑक्सिजन सुटत असला पाहिजे, असा त्यातून निघणारा अर्थ होता. तोवर अनेकांची समजूत होती की झाडं सोडतात तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो. पुढं १९४१ मध्ये ऑक्सिजनचं जड समस्थानिक वापरून केलेल्या प्रयोगांनी पाण्याच्या बाजूनं कौल दिला. झाडांच्या श्वासाचं कोडं चिखलातल्या जीवाणूंनी सोडवलं, असं मी म्हणते ते यामुळे.

तळ्यात यांचे कोणकोणते गट असतात?

सायनोबॅक्टेरिया सगळ्यांच्या ओळखीचे. मायक्रोसिस्टिस, डोलिकोस्पर्मम, प्लँक्टोथ्रिक्स ही तवंग करणारी मंडळी. पण दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान असे सायनोबॅक्टेरिया असतात आणि नितळ, स्वच्छ तळ्यांत त्यांचाच भरणा मोठा असतो. पाणी हिरवं दिसत नाही म्हणजे ते नाहीत असं समजू नये.

जांभळे गंधक जीवाणू आणि हिरवे गंधक जीवाणू यांना प्रकाश हवा आणि सल्फाइडही हवा. ‘हिरवे’ या शब्दानं फसू नये. यांच्यातल्या काही जाती चॉकलेटी दिसतात आणि खोल तळ्यांत बहुतेक वेळा त्याच जास्त असतात.

जांभळे गंधकेतर जीवाणू हा माझा लाडका गट. रोडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस हा त्यातला एक. नावातल्या पॅलुस्ट्रिसचा अर्थच ‘दलदलीतला’. प्रकाश असेल तर प्रकाशावर जगेल, अंधार असेल तर श्वसन करेल. कार्बन डायऑक्साइड चालेल, कुजलेल्या पाल्यातून सुटलेली आम्लंही चालतील, आणि नायट्रोजन कमी पडला तर तो हवेतला बांधून घेईल. इतकी हरहुन्नरी पेशी क्वचितच सापडते.

याशिवाय धाग्यांसारखे क्लोरोफ्लेक्सस गटातले जीवाणू असतात. बीजाणू तयार करणारे हेलिओबॅक्टेरिया असतात, ते पाण्यापेक्षा माती-चिखलात जास्त. आणि तळ्याच्या वरच्या, ऑक्सिजन असलेल्या पाण्यात एक निराळाच गट असतो. तो इतर जीवाणूंसारखं सेंद्रिय अन्न खातो, ऑक्सिजन वापरतो आणि प्रकाशातून फक्त जोडीची ऊर्जा मिळवतो. हा गट फार उशिरा लक्षात आला, कारण त्याच्यामुळे पाण्याचा रंग बदलत नाही.

एकाच तळ्यात इतके सगळे राहतात कसे? एकमेकांना हुसकावत नाहीत?

याचं उत्तर समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तळं उभं कापून पाहायचं.

उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यात मिसळेनासं होतं. वर वारा आणि ऑक्सिजन. खाली मेलेल्या पेशी, पालापाचोळा पडत राहतो आणि तो कुजताना ऑक्सिजन संपून जातो. मग सल्फेट वापरणारे जीवाणू कामाला लागतात आणि सल्फाइड तयार होतं. म्हणजे प्रकाश वरून खाली येतो आणि सल्फाइड खालून वर. जिथं दोघांची गाठ पडते, तिथं गंधक जीवाणूंची वस्ती. ती कधी काही सेंटिमीटर जाड असते, कधी मीटरभर.

त्या वस्तीतही मजले असतात. जांभळे साधारणपणे वर, हिरवे खाली. हिरव्यांना सल्फाइड जास्त सोसतं आणि प्रकाश फारच थोडा पुरतो. त्यांच्या पेशीत क्लोरोसोम नावाच्या पिशव्या असतात. एकेका पिशवीत जीवाणू-हरितद्रव्याचे रेणू लाखाच्या घरात, दाटीवाटीनं रचलेले. चुकूनमाकून आलेला प्रकाशाचा कणही सुटू नये अशी ती रचना आहे.

दुसरी वाटणी रंगांची. झाडांचं हरितद्रव्य लाल प्रकाश साधारण ६८० नॅनोमीटरपर्यंत शोषतं. जांभळ्या जीवाणूंचं हरितद्रव्य ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करतं, काहींचं तर १,००० नॅनोमीटरच्याही पलीकडे. हा अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. थिओडोर एंगेलमान यांनी १८८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबावर इंद्रधनुष्याचा पट्टा पाडला, तेव्हा जांभळे जीवाणू पट्ट्याच्या लाल टोकाबाहेर, ‘अंधारात’ गोळा झालेले दिसले. त्यांच्यासाठी तो अंधार नव्हताच.

यात एक मेख आहे. पाणी अवरक्त प्रकाश फार लवकर पिऊन टाकतं. पहिल्या मीटरभरातच त्यातला बहुतेक संपतो. मग दहा-बारा मीटरांवर राहणारे जांभळे जीवाणू जगतात कशावर? तिथं पोचतो तो मुख्यतः हिरवा-निळसर प्रकाश, आणि तो पकडायला हरितद्रव्यापेक्षा कॅरोटीनवर्गातली रंगद्रव्यं कामी येतात. जांभळ्यांत ओकेनोन, हिरव्या गंधक जीवाणूंपैकी चॉकलेटी क्लोरोबियममध्ये आयसोरेनिएराटीन. खोल पाण्यातले जीवाणू जांभळे-चॉकलेटी का दिसतात याचं उत्तर इथं आहे: वरच्यांनी काय उरवलं आहे त्यावर खालच्यांचा रंग ठरतो.

खोलातलं पाणी खरोखर गुलाबी असतं?

असतं. स्वित्झर्लंडमधलं कडाग्नो सरोवर याचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण. समुद्रसपाटीपासून १,९२१ मीटर उंचीवर, जेमतेम २१ मीटर खोल. त्याच्या तळाला क्षारांनी जड झालेलं पाणी झऱ्यांतून येतं, त्यामुळे वरचं आणि खालचं पाणी वर्षभर एकमेकांत मिसळत नाही. साधारण १० ते १३ मीटरांच्या दरम्यान दोन्हींची सीमा आहे. तिथलं पाणी बाटलीत वर काढलं की ते गुलाबी असतं.

या थरात क्रोमेटियम ओकेनी नावाचा जांभळा जीवाणू असतो. १८३८ मध्येच जर्मन निसर्गअभ्यासक एहरेनबर्ग यांनी त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. जीवाणूंच्या मानानं हा धिप्पाड, लांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिथल्या एकूण पेशींपैकी याच्या पेशी सुमारे ०.३ टक्के निघाल्या. पण त्या थरात शोषल्या जाणाऱ्या कार्बनपैकी जवळपास ७० टक्के आणि अमोनियमपैकी ४० टक्क्यांहून अधिक याच मूठभर पेशी घेत होत्या. डोकी मोजून तळ्याचा कारभार कळत नाही, हे मी विद्यार्थ्यांना या आकड्यांवरून सांगते.

आणखी एक गोष्ट. या पेशी प्रकाशाकडे पोहत वर जातात आणि ऑक्सिजनची सीमा आली की थांबतात. पाण्यापेक्षा त्या जड असल्यामुळे त्यांची गर्दी झालेलं पाणीही जड होतं आणि खाली ढळतं. पेशी पुन्हा वर पोहतात. या सततच्या वर-खाली होण्यानं मीटरभर जाडीपर्यंतचं पाणी घुसळून एकसारखं होतं. काही मायक्रोमीटरचे जीव मिळून सरोवराच्या पोटात पाणी ढवळतात!

गाळात तर अंधार. तिथं हे काय करतात?

पूर्ण अंधार नसतो. उथळ तळ्यात, काठाजवळ, गाळाच्या वरच्या एक-दोन मिलिमीटरपर्यंत प्रकाश शिरतो, वाळू असेल तर थोडा जास्त. आणि इथं अवरक्ताची बाजू पुन्हा वर येते, कारण पाण्याची उंची थोडी असल्यामुळे तो वाटेत संपत नाही आणि वाळूच्या कणांतून दृश्य प्रकाशापेक्षा खोल उतरतो. पाण्यात जे मजले दहा मीटरांत पसरलेले असतात, ते गाळात नखाएवढ्या जाडीत बसतात: वर सायनोबॅक्टेरियाची हिरवी साय, खाली गुलाबी रेघ, त्याखाली लोह सल्फाइडचा काळा चिखल. पातळ पात्यानं गाळाचा तुकडा उभा कापला तर नुसत्या डोळ्यांनी रेघा मोजता येतात.

त्याखाली जे सापडतात ते बहुधा वरून पडलेले किंवा झोपलेले. डोलिकोस्पर्ममसारखे सायनोबॅक्टेरिया जाड भिंतीच्या पेशी करून गाळात उतरतात आणि परिस्थिती सुधारली की उगवतात. काही दशकं जुन्या गाळातूनही अशा पेशी जाग्या करता आल्या आहेत. म्हणून गाळातल्या डीएनएची यादी पाहून ‘हे सगळे इथं राहतात’ असं म्हणणं घाईचं होतं.

सल्फाइड नसेल तर गंधक जीवाणूंचे काय हाल?

सगळ्यांचे वाईट होत नाहीत. लोखंड चालणारे काही आहेत. १९९३ मध्ये फ्रिट्झ विडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काही जांभळे जीवाणू पाण्यात विरघळलेल्या लोहाचे इलेक्ट्रॉन घेऊन प्रकाशसंश्लेषण करतात आणि मागं गंज सोडतात. पुढं हिरव्या जीवाणूंतही क्लोरोबियम फेरोऑक्सिडन्स सापडला. इंडोनेशियातलं मटानो सरोवर सुमारे ५९० मीटर खोल, खालचं पाणी ऑक्सिजनविरहित आणि लोहानं भरलेलं. तिथं १०० मीटरहून खोल, जवळजवळ काळोखात, हिरव्या जीवाणूंचा थर आहे. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन वाढू लागला, त्याआधीचे समुद्र कसे असतील याचा अंदाज बांधायला संशोधक या सरोवराकडे पाहतात.

हे एकमेकांना मदत करतात का?

करतात, आणि त्यातलं एक उदाहरण थक्क करणारं आहे. १९०६ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ लाउटरबोर्न यांनी तळ्याच्या गाळावरच्या पाण्यात एक ‘जीव’ पाहिला आणि त्याला क्लोरोक्रोमेटियम ॲग्रिगॅटम असं नाव दिलं. प्रत्यक्षात तो एक जीव नाही. मधोमध एक रंगहीन, शेपटी असलेला जीवाणू आणि त्याच्याभोवती कणसाच्या दाण्यांसारखे चिकटलेले वीसएक हिरवे गंधक जीवाणू. हिरव्यांना पोहता येत नाही आणि मधल्याला प्रकाशसंश्लेषण येत नाही. तरीही सगळी मोळी प्रकाशाकडे आणि सल्फाइडकडे बरोबर पोहत जाते. मधला विभागला की भोवतालचेही त्याच सुमारास विभागतात आणि एका मोळीच्या दोन होतात.

रात्री काय खातात?

दिवसा साठवलेलं. बहुतेकांकडे ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेपासून बनलेल्या पिष्टासारख्या पदार्थाचा, साठा असतो. काही त्याचं किण्वन (ऑक्सिजनशिवाय विघटन) करतात, काही थोडा ऑक्सिजन मिळाला तर श्वसन करतात.

पहाटे तळं स्वच्छ असतं आणि सकाळी काठावर तवंग येतो. हा प्रकार काय?

मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेनं भरलेल्या प्रथिनांच्या सूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्यामुळे वसाहत तरंगते. दिवसभर उन्हात साखर साठली की पेशी जड होऊन खाली जातात, रात्री ती वापरली जाते आणि पुन्हा वर येतात. पाणी स्थिर असेल तर सगळ्या एकदम पृष्ठभागावर जमतात आणि मंद वारा त्यांना एका काठाला लोटतो. पण सगळे असं करत नाहीत. प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स हा लाल सायनोबॅक्टेरिया झुरिक सरोवरात उन्हाळाभर खोल, मंद प्रकाशाच्या थरात राहतो आणि थंडीत पाणी घुसळलं की वर येतो. स्वित्झर्लंडमधल्याच मुर्टेन सरोवराचं पाणी असं लालसर झालं की लोक त्याला ‘बर्गंडीचं रक्त’ म्हणत, १४७६ मध्ये तिथं बर्गंडीच्या सैन्याचा पराभव झाला त्या लढाईची आठवण म्हणून.

तवंग आलेलं पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

अजिबात नाही. हे उत्तर कृपया लक्षात ठेवा आणि इतरांनाही सांगा.

मायक्रोसिस्टिस आणि प्लँक्टोथ्रिक्सच्या अनेक वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचं, यकृतावर घाव घालणारं विष तयार होतं. उकळल्यानं ते नष्ट होत नाही. उलट पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं आयुष्यभर प्यायच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या एका प्रकाराची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरावर अवलंबून असलेल्या अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरूमध्ये तर असं पाणी डायलिसिससाठी वापरलं गेलं आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. जनावरांना आणि कुत्र्यांनाही अशा काठापासून दूर ठेवावं. नुसत्या डोळ्यांनी विषारी तवंग आणि बिनविषारी तवंग वेगळे करता येत नाहीत, म्हणून प्रत्येक तवंग विषारी धरून चालावं.

तवंग वाढतात कशामुळे?

मुख्य दोष फॉस्फरसचा, जोडीला नायट्रोजन आणि उष्णता. कॅनडातल्या प्रायोगिक सरोवरांच्या क्षेत्रात १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या सरोवराचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू हिरवीगार झाली. वरून काढलेला तो फोटो अनेक देशांत डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर निर्बंध आणण्याच्या वादात कामी आला. पण बाहेरून येणारा फॉस्फरस थांबवला तरी तळं लगेच सुधारत नाही. वर्षानुवर्षं गाळात साठलेला फॉस्फरस, खालचा ऑक्सिजन संपला की लोहापासून सुटून पुन्हा पाण्यात येतो.

गुलाबी किंवा जांभळा थर दिसला तर तळं बिघडलं समजायचं का?

खोलात असेल तर नाही, ती त्या तळ्याची घडण असू शकते. पृष्ठभागावर, उथळ पाण्यात आणि वासासकट दिसला, तर तळ्यात कुजणारं फार आणि ऑक्सिजन फार कमी, असा अर्थ होतो. तरीही दोष त्या जीवाणूंचा नाही. ते विषारी सल्फाइड वापरून कमीच करत असतात.

हे घरी पाहता येतात का?

येतात. सर्गेई विनोग्राडस्की यांनी एकोणिसाव्या शतकात वापरलेली ही रीत आहे. उंच, पारदर्शक बाटली घ्या. तळ्याच्या काठचा काळा चिखल, त्यात फाडलेला कागद आणि उकडलेल्या अंड्याचा चुरडलेला बलक मिसळून बाटलीचा खालचा भाग भरा. वर साधा चिखल, त्यावर तळ्याचंच पाणी. झाकण सैल ठेवा आणि खिडकीत, कडक ऊन लागणार नाही अशा जागी ठेवून द्या. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त काळं होईल आणि वास येईल. तेव्हाच बरेच जण फेकून देतात. थांबा. चौथ्या ते आठव्या आठवड्यात काचेलगत आधी एखादा गुलाबी ठिपका, मग जांभळा पट्टा, खाली हिरवा, वर गंजकट आणि सगळ्यात वर सायनोबॅक्टेरियाची साय दिसू लागते. माझ्या पहिल्या बाटलीत जांभळा ठिपका दिसायला सहा आठवडे लागले. त्या दिवशी भेटेल त्याला मी ती बाटली दाखवली होती.

प्रयोगशाळेत कोण कोण आहे हे कसं ओळखतात?

रंगद्रव्यं वेगळी काढून मोजतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि मुख्यतः जनुकं वाचतात. जांभळ्या आणि त्यांच्यासारख्या जीवाणूंसाठी प्रकाशकेंद्राचं (प्रकाशाची ऊर्जा इलेक्ट्रॉनना देणाऱ्या यंत्राचं) ‘पफएम’ जनुक शोधतात, हिरव्या गंधक जीवाणूंसाठी ‘एफएमओए’. रंगद्रव्यांचा एक जास्तीचा उपयोग आहे: ती गाळात टिकतात. ओकेनोन फक्त जांभळे गंधक जीवाणूच करतात, म्हणून गाळाच्या एखाद्या जुन्या थरात ते सापडलं तर त्या काळी तळ्यात उजेड पोचेल इतक्या उंचीपर्यंत सल्फाइड आलं होतं हे कळतं. ऑस्ट्रेलियातल्या १६४ कोटी वर्षं जुन्या सागरी खडकात याच रंगद्रव्याचा जीवाश्म सापडला आहे.

आता नवीन काही सापडण्यासारखं उरलं आहे का?

भरपूर. २०१४ मध्ये गोबी वाळवंटातल्या एका गोड्या सरोवरातून जेमाटिमोनास फोटोट्रॉफिका मिळाला आणि प्रकाशसंश्लेषी जीवाणूंच्या यादीत एका अख्ख्या नव्या संघाची (वर्गीकरणातल्या मोठ्या गटाची) भर पडली. २०२४ मधली गोष्ट त्याहून विलक्षण. प्रकाशकेंद्रांचे दोन प्रकार असतात. क्लोरोफ्लेक्ससच्या कुळातले आजवर माहीत असलेले सगळे प्रकाशसंश्लेषी जीवाणू दुसरा प्रकार वापरत. क्लोरोहेलिक्स नावाच्या नव्या जीवाणूत पहिला निघाला, आणि ही दोन यंत्रं जीवाणूंच्या कुळांत कशी पसरली याचा विचार नव्यानं करावा लागला. तो मिळाला कॅनडातल्या त्याच प्रायोगिक क्षेत्रातल्या २२७ क्रमांकाच्या सरोवराच्या ऑक्सिजनविरहित पाण्यातून. तवंगाच्या अभ्यासासाठी या सरोवरात १९६९ पासून मुद्दाम फॉस्फरस घातला जात होता. इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष वरच्या हिरव्या पाण्यावर होतं, आणि हा काही मीटर खाली होता.